कॉन्फ्रेटर : उसातली एक माशी

या वर्षी मंडळाच्या अंकासाठी 'एका शब्दाचा अभ्यास' हे सदर ठरलं तेव्हा कुणी 'वाडा' घेतला, कुणी 'ओवी' घेतली. मी घेतलेला शब्द लॅटिन आहे, हे आधीच कबूल करते. पण तो मला उसाच्या बांधावर सापडला, आणि तो बांध निपाणीजवळ माझ्या आजोळी आहे. त्यामुळे मराठी वाङ्मय मंडळाच्या अंकात त्याला थोडी जागा मिळायला हरकत नसावी.

झालं असं. नाताळनंतर चार दिवस मामाकडे गेले होते. मामाच्या फडाच्या कडेला आजीनं लावलेला शेपू फुलावर आला होता. पिवळ्या छत्र्या, आणि त्यावर माश्याच माश्या. त्यातली एक फुलावर बसायच्या आधी हवेत एका जागी अशी थांबली, की जणू कुणी दोऱ्यानं टांगून ठेवली आहे. मोबाईलनं फोटो काढला आणि धारवाडला कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या मावसबहिणीला, म्हणजे ताईला, पाठवला. वर लिहिलं, 'ही कुठली मधमाशी?' तिचं उत्तर आलं : 'मधमाशी नाही. सिरफिड. युपिओडिस कॉन्फ्रेटर वाटते. पाठीवरून आणि बाजूनं अजून दोन फोटो काढ, बरी सापडली.' ते फोटो पाठवल्यावर तिनं 'हो, तीच' म्हणून कळवलं.

यातलं 'युपिओडिस' मला कळलं नाही, पण 'कॉन्फ्रेटर' कळलं. आमच्या कॉलेजातले फादर आपल्याच संघातल्या दुसऱ्या फादरांचा उल्लेख 'माझे कॉन्फ्रेअर' असा करतात. गोव्याकडच्या चर्चमध्ये कॉन्फ्रारिया असतात. सणाच्या मिरवणुकीत झगे घालून चालणारी माणसं आपल्यापैकी काहींनी पाहिली असतील. मूळ शब्द तोच. 'फ्रेटर' म्हणजे भाऊ, 'कॉन' म्हणजे सोबत. कॉन्फ्रेटर म्हणजे सहबंधू. एवढं वजनदार, मठातलं नाव एका माशीला कुणी आणि का दिलं असेल, या कुतूहलानं मी सुरुवात केली. पुढे माशीच जास्त महत्त्वाची निघाली.

आधी ओळख. मधमाशीला चार पंख असतात, माशीला दोन. मागच्या दोन पंखांच्या जागी माशीला बारीक घुंडीसारखे दोन दांडे असतात, तोल सांभाळायला. मधमाशीच्या मिशा लांब आणि कोपरासारख्या वाकलेल्या, हिच्या आखूड, जवळजवळ न दिसणाऱ्या. मधमाशीच्या मागच्या पायांवर परागाचे गोळे दिसतात, हिच्या पायांवर काही नाही. आणि मुख्य म्हणजे हिला नांगीच नाही. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा सगळा थाट उसना. गांधीलमाशीला एकदा तोंडात धरून पस्तावलेला पक्षी पुढे या रंगाच्या वाटेला जात नाही, आणि त्या धाकावर ही बिनधास्त जगते. वाघाचं कातडं पांघरलेल्या गाढवाची गोष्ट आपण लहानपणी ऐकली. त्या गोष्टीत गाढव ओरडतं आणि पकडलं जातं. ही ओरडत नाही.

सिरफिडी कुळात जगभर सहा हजारांवर जाती आहेत. त्यांच्या पंखात एक खोटी शीर असते, जी कुठूनच नीट सुरू होत नाही आणि कुठे पोचतही नाही. भिंगाखाली पंख धरला की या खुणेवरून कूळ ओळखता येतं. ताईनं मला हे शिकवलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की व्याकरणातले अपवाद पाठ करण्यापेक्षा हे बरं आहे.

मराठीत मधमाश्यांसाठी शब्दांची चंगळ आहे. आग्या, सातेरी, फुलोरी. शिवाय गांधीलमाशी वेगळी, कुंभारीण वेगळी, भुंगा वेगळा, गोमाशी वेगळी. जी चावते, जिचा मध मिळतो किंवा जी घरात मातीचं घर बांधते, तिला आपण नाव दिलं. जी काहीच करत नाही असं वाटलं, ती नुसती 'माशी' राहिली. शेतीच्या माहितीपत्रकांत 'सिरफिड माशी' असं छापतात, मित्रकीटकांच्या यादीत, बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर. मामाला मी विचारलं, "मामा, सिरफिड माशी ऐकलीयस का?" तो म्हणाला, "कंपनी कुठली?" त्याला वाटलं, औषधाचं नाव आहे.

आपल्या भागात काळ्या-पिवळ्या सिरफिड माश्या एकाहून जास्त आहेत, आणि पहिले कित्येक दिवस मी सगळ्यांनाच कॉन्फ्रेटर समजत होते. कॅम्पात आमच्या गच्चीवरच्या कोथिंबिरीवर येते ती बहुतेक वेळा इशिओडॉन. तिचं पोट सडपातळ, आणि छातीच्या दोन्ही कडांना ठळक पिवळी पट्टी. दुसरी एपिसिरफस. तिच्या नारिंगी पोटावर प्रत्येक जाड काळ्या पट्ट्यासोबत एक बारीक काळी रेघ असते, मिशी काढल्यासारखी. कॉन्फ्रेटर या दोघींपेक्षा भरलेली. पोट रुंद आणि लांबट गोल, काळ्यावर पिवळे पट्टे, छाती गडद आणि चकचकीत, पण कडेला ती ठळक पिवळी पट्टी नाही. नर असेल तर दोन डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेले, मादी असेल तर मध्ये फट. कॅम्पात, हिंडलग्याच्या रस्त्याला आणि आजोळी मिळून वर्षभरात मी ती फक्त चार वेळा पाहिली. इशिओडॉन मोजणं मी तिसऱ्या दिवशीच सोडलं होतं.

फुलावरची माशी म्हणजे अर्धीच गोष्ट. ती मकरंद पिते, पराग खाते, आणि मादीला तर अंडी पिकायला पराग लागतातच. पण तिची पिल्लं मांसाहारी असतात. मादी पानापानावरून हिंडत मावा शोधते. मावा म्हणजे पानांचा रस शोषणारे ते बारीक किडे, जे आपण गुलाबाच्या कळीवर किंवा पावट्याच्या शेंड्यावर पाहतो. माव्याच्या वस्तीत किंवा तिच्या काठावर ती एकेक अंडं ठेवते. अंडं पांढरं, लांबट, सुमारे मिलिमीटरभर. दोन-तीन दिवसांत त्यातून अळी निघते. अळीला पाय नाहीत, डोळे नाहीत, आणि डोकं म्हणावं असंही काही दिसत नाही. पुढचं टोक निमुळतं, मागच्या टोकाला श्वासाची एक छोटी तपकिरी नळी. कातडी इतकी पातळ की आतलं सगळं दिसतं, पाठीवरून सरकणारी ठोकेसुद्धा.

आंधळी असून ती शिकार कशी करते हे मी मामाच्या फडात पाहिलं. उसाच्या एका पानाच्या खालच्या बाजूला लोकरी माव्याचा हाताएवढा पट्टा होता. त्यात ही अळी निमुळतं टोक डावीकडे-उजवीकडे फिरवत होती, आंधळा माणूस काठी फिरवतो तशी. मावा लागला की तोंडातल्या आकड्यांनी धरायचा आणि सरळ वर उचलायचा. पाय पानावरून सुटले की माव्याला काही करता येत नाही. मग हवेत धरूनच आतला रस ओढून घ्यायचा आणि रिकामं कातडं टाकून द्यायचं. एक मावा संपवायला तिला तीन-चार मिनिटं लागली, मग लगेच दुसरा. पूर्ण वाढ होईपर्यंत एक अळी असे शेकडो मावे खाते. गंमत म्हणजे या सगळ्या काळात ती विष्ठा टाकतच नाही. वाढ पूर्ण झाल्यावर, कोशात जायच्या आधी, एकदाच डांबरासारखा काळा डाग टाकते. पानावर असा तेलकट काळा डाग दिसला की समजावं, इथे कुणीतरी जेवून गेलं आहे.

मावा मात्र आपण समजतो तितका गरीब नाही. लोकरी माव्याच्या शेपटाकडच्या दोन छिद्रांतून धोक्याच्या वेळी एक थेंब बाहेर येतो. त्याच्या वासानं आसपासचे काही मावे पळतात, आणि काही उलट चाल करून येतात. पिल्लांच्या कपाळावर दोन बारीक शिंगं असतात, ती घेऊन ती शत्रूला ढुसण्या देतात. एका जपानी अभ्यासकानं १९८९ मध्ये या पळण्याचा आणि हल्ल्याचा अभ्यास मांडला. त्या पांढऱ्या मऊ लोकरीकडे बघून आत असली लढाई चालली असेल असं वाटणारही नाही.

आता तो लोकरी मावा आपल्याकडे आला कसा, हे सांगायलाच हवं. आपल्यापैकी जे चिकोडी, निपाणी, रायबाग भागातले आहेत त्यांच्या घरी विचारा, प्रत्येकाकडे याची एक गोष्ट असेल. जावामध्ये काम करणाऱ्या झेन्टनर या कीटकशास्त्रज्ञानं १८९७ मध्ये या माव्याचं वर्णन केलं. भारतात तो बराच काळ ईशान्येकडे आणि बंगालकडे होता. जुलै २००२ मध्ये तो सांगली जिल्ह्यात दिसला, आणि त्याच वर्षी उत्तर कर्नाटकात आला. या माव्यात बहुतेक सगळ्या माद्याच, आणि त्या नराशिवाय थेट जिवंत पिल्लं देतात. पानाच्या खाली मधल्या शिरेला धरून मेणाची पांढरी लोकर पसरते. वरच्या पानावरून गोड चिकटा खालच्या पानावर गळतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. म्हणजे वरचं पान खालून पांढरं, आणि खालचं पान वरून काळं. उसाचं वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो. मराठीत आपण लोकरी मावा म्हणतो, कन्नडमध्ये उण्णे हेनु, म्हणजे लोकरीची ऊ. दोन्ही भाषांना एकाच वेळी लोकर आठवली. सीमाप्रश्नाचा दावा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. मावा त्याच्या दोन वर्षं आधीच हद्द ओलांडून मोकळा झाला होता.

मामा तेव्हा पंचविशीतला. तो सांगतो, "सकाळी फडात गेलं की कापडं पांढरी हून यायची. पीठ सांडल्यागत. पहिल्या साली तर कुणाला कळंना, रोग हाय का किडा हाय." मग जवळ जाऊन पाहिल्यावर लोकरीत त्यांना अळ्या दिसल्या. मावा इतका बारीक की तो एकेकटा नजरेत भरत नाही, अळी मात्र बोटावर घेता येते. साहजिकच सगळ्यांनी ठरवलं, हीच ती कीड. आजोबांनी वस्तीवरच्या पोरांना कामाला लावलं. डालड्याच्या डब्यात अळ्या वेचून आणायच्या, भरलेल्या डब्याला दोन रुपये. संध्याकाळी डबे चुलीत रिकामे करायचे. त्याशिवाय जे औषध मिळेल ते मारलं. उसाची उंची बघता फवारणी करणारा माणूस आतच जाऊ शकत नव्हता. कडेच्या सऱ्यांना औषध, मधला फड तसाच.

त्या डब्यांत नक्की काय काय होतं हे आज सांगता येतं. सांगली-बेळगावच्या उसात माव्यामागोमाग त्याला खाणारे तीन कीटक ठळकपणे दिसले, आणि अभ्यासकांनी त्यांची नोंद केली. पहिला डिफा, जुनं नाव कोनोबाथ्रा. हा खरं तर पतंग, पण याचा सुरवंट पानाऐवजी मावा खातो. सुरवंटांच्या जातीला हे शोभत नाही, पण ते आपल्या पथ्यावर पडलं. दुसरा मायक्रोमस इगोरोटस, तपकिरी जाळीदार पंखांचा. त्याच्या नावात फिलिपिन्समधल्या इगोरोट लोकांचं नाव आहे. आणि तिसरी आमची युपिओडिस कॉन्फ्रेटर. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं मायक्रोमस मोठ्या प्रमाणावर वाढवून शेतकऱ्यांना दिला. महाराष्ट्रात डिफावर भर राहिला. साखर कारखान्यांनी गावोगाव पानांच्या तुकड्यांवरून हे कीटक वाटले, आणि 'औषध मारू नका' असं सांगायला सुरुवात केली. मामाला डिफा चांगला आठवतो. त्याला तो अजून 'कोनोबा' म्हणतो, जणू खालच्या आळीतला कोणी पाहुणा. "कोनोबा सोडला आन् दोन वर्सात मावा हटला बघ."

कॉन्फ्रेटर कुणी सोडली नाही, म्हणून ती कुणाला आठवत नाही. सिरफिड माश्यांना वाढवणं कटकटीचं असतं. पिल्लांना मावा हवा, पण मोठ्या माश्यांना फुलं हवीत, ऊन हवं, आणि घिरट्या घालून जोडीदार शोधायला मोकळी जागा हवी. पेटीत कोंडलं की बऱ्याच जाती अंडीच देत नाहीत. कोनोबा पिशवीतून आला, त्याला कारखान्याची पावती होती. ही आपली आपण आली. माझं मत विचाराल तर लोकांच्या आठवणीत राहायला पावती लागते, काम करून भागत नाही.

डब्यांचं काय, हे मी मामाला विचारणार नव्हते. मी फक्त मोबाईलला भिंग लावून त्याला पान दाखवलं. अळीनं नेमका तेव्हाच एक मावा उचलून धरला होता. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "ही खातीया व्हय त्येला?" मी हो म्हटलं. "आन् हीच का ती, डब्यातली?" मी म्हटलं, "सगळ्या नसतील मामा. पण काही हीच असणार. काही कोनोबासुद्धा." तो काही बोलला नाही. पाण्याची पाळी बघायला गेला. रात्री जेवताना आजीला म्हणाला, "दोन रुपय डबा दिला आपन."

त्या साली ऊस डब्यांमुळे गेला असं मला म्हणायचं नाही. ज्यांनी डबे भरले नाहीत त्यांचाही गेला. मावा नवा होता, आणि त्याचे शत्रू माव्याच्या मागून येतात, पुढून येत नाहीत. आधी खाणं वाढतं, मग खाणारे वाढतात. त्या मधल्या काळात माणसाच्या हाताला काहीतरी करावंसं वाटतं, आणि हाताला जे लागतं तेच तो मारतो. अळीला पाय नसतात, ती पळतही नाही.

निघताना मी अळ्या असलेली दोन पानं डब्यात घालून कॅम्पला आणली. निपाणीहून बेळगावपर्यंत बसमध्ये तो डबा मांडीवर. शेजारच्या मावशींनी विचारलं, "प्रसाद हाय का?" मी नाही म्हटलं, पण उघडून दाखवायचं धाडस झालं नाही. घरी आई आधीच वैतागलेली, त्यात पहिल्या दिवशी एक अळी झाकणाच्या फटीतून निघून डायनिंग टेबलावर गेली. तरी चार अळ्या राहिल्या. त्यांच्यासाठी मावा पुरवणं हे परीक्षेपेक्षा अवघड काम. आणलेला लोकरी मावा तिसऱ्या दिवशी संपला, मग शेजारच्या बंगल्यातल्या कण्हेरीवरचा पिवळा मावा आणून घातला. तो त्यांनी फारसा खाल्ला नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. दोन अळ्या मेल्या. उरलेल्या दोघींनी एका सकाळी काळे डाग टाकले आणि पानाला चिकटून बसल्या. अळीची कातडीच घट्ट होऊन कोश बनते. आकार नळाच्या तोंडाशी लोंबणाऱ्या थेंबासारखा, एका बाजूला फुगीर, दुसरीकडे निमुळता.

या थेंबांची वाट बघताना मी नावाच्या मागे लागले. 'कॉन्फ्रेटर' हे नाव १८३० मध्ये व्हीडेमान या जर्मन माणसानं दिलं. हा पेशानं डॉक्टर, कील इथे प्रसूतिशास्त्राचा प्राध्यापक, सुईणींना शिकवणारा. उरलेल्या वेळात युरोपाबाहेरून आलेल्या दोन पंखांच्या कीटकांवर त्यानं मोठा ग्रंथ लिहिला, १८२८ आणि १८३० अशा दोन भागांत. 'सहबंधू' का, याचा माझा अंदाज साधा आहे. या गटातल्या माश्या एकमेकींसारख्या इतक्या दिसतात, की नवी जात वेगळी काढतानाही तिचं घराणं आठवल्याशिवाय राहत नसेल. त्यानं ती सिरफस या प्रजातीत घातली होती. पुढे ती मेटासिरफस झाली, आता युपिओडिस आहे. आडनाव दोनदा बदललं, नाव राहिलं. बेळगावात राहून यावर जास्त बोलू नये.

भारतातल्या सिरफिड माश्यांवरचं जुनं जाडजूड पुस्तक १९२३ चं, 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतलं. ते लिहिलं एन्रिको ब्रुनेट्टी यांनी, आणि हे गृहस्थ पेशानं संगीतकार होते. वाजवत वाजवत पूर्वेकडे हिंडले आणि जिथे गेले तिथे माश्या पकडल्या. कुणाला एकांकिकेसाठी विषय हवा असेल तर घ्या. आणि आपल्या उपखंडात नोंदलेल्या सिरफिड माश्यांची अद्ययावत यादी २०१४ मध्ये कुमार घोरपडे यांनी केली. ते धारवाडच्या कृषी विद्यापीठाशी जोडलेले अभ्यासक. म्हणजे जी माशी मला परक्या नावाची वाटली, तिची कुंडली मांडणारा माणूस आमच्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर होता, आणि आडनाव घोरपडे. ताईला मी हे उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "आम्हाला पहिल्या वर्षापासून माहितीये."

युरोपातली एक सख्खी बहीण आहे हिची, युपिओडिस कोरोली. ती आणि एपिसिरफस मिळून दर वर्षी दक्षिण इंग्लंडवरून किती ये-जा करतात याची रडारनं केलेली मोजणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली : वर्षाला एक ते चार अब्ज. समुद्र ओलांडून जाणाऱ्या, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्याच मोठ्या माश्या. हे वाचल्यापासून शेपूवर थांबलेली माशी पाहिली की ती कुठून आली असेल असं मनात येतं. आपल्या लोकांना फक्त लोकरीचा प्रवास आठवतो. तो २००२ साली पेपरात आला होता.

कोशांकडे परत येते. नवव्या दिवशी सकाळी मी लायब्ररीत होते आणि आईचा फोन आला, "तुझ्या बाटलीत काहीतरी वळवळतंय." धावत आले तोवर पहिल्या कोशाचं टोक टोपणासारखं उघडलं होतं आणि माशी काडीवर बसली होती. रंग आलेला नव्हता. पट्टे फिकट, पंख चुरगळलेल्या कागदासारखे. दुपारपर्यंत पंख ताठ झाले, काळ्यावर पिवळं उमटलं. मादी होती. ताईला फोटो पाठवला, तिनं खात्री केली : कॉन्फ्रेटर.

दुसरा कोश तसाच राहिला. दहावा दिवस गेला, बारावा गेला. मी तो मेला असं समजून बाटली खिडकीत सरकवली. सोळाव्या दिवशी त्यातून माशी आलीच नाही. आली ती सडपातळ, काळी, लालसर पायांची एक गांधीलमाशीसारखी चीज, चार पंखांची. ताई म्हणाली, डिप्लाझॉन. ही सिरफिडच्या अंड्यात किंवा कोवळ्या अळीत आपलं अंडं घालते. अळी बिचारी मावा खात राहते, वाढत राहते, कोश करते, आणि कोशातून दुसरीच कुणी बाहेर येते. म्हणजे मी बसमधून मांडीवर आणलेल्या, माव्यासाठी कण्हेरी झाडून काढलेल्या त्या अळीच्या पोटात पहिल्यापासून दुसरीच बसलेली होती. उसातल्या सगळ्या माश्या वाचवायच्या तर डिप्लाझॉन मारायची का, असा प्रश्न मी ताईला विचारला. ती म्हणाली, "परत डबा घेऊन निघालीस का?"

पहिल्या माशीला मी संध्याकाळी गच्चीवर नेलं. फातिमा कॅथीड्रलची घंटा व्हायची होती. बाटली उघडल्यावर ती लगेच गेली नाही. कोथिंबिरीच्या एका फुलावर बसली, पुढचे पाय एकमेकांवर घासले, मग उठून फुलाच्या वर वीतभर अंतरावर थांबली. फोटो काढेपर्यंत शेजारच्या चिंचेकडे गेली.

मामाला फोन केला. तो म्हणाला, "सुटली व्हय? कुठली म्हनायची ही, कोनोबा?"

"नाही रे मामा, कोनोबा वेगळा. ही कॉन्फ्रेटर."

"कान् फेटर," त्यानं म्हणून पाहिलं. मग आणखी एकदा. मागून आजीचा आवाज येत होता, बांधावरचा शेपू जून झालाय, उपटून टाकायचा का विचारत होती. मामानं फोन न ठेवताच तिला ओरडून सांगितलं, "ऱ्हाऊ दे त्यो. फुलू दे."